मालगाव रोडवरचा बर्फ

मिरजेत बर्फ पडत नाही,
हे मी ह्यांना तीन वेळा सांगितलं.
एकदा प्रेमाने.

परसात रूळ आहेतच, सहा वर्षांपासून:
पेरूला वळसा, धुण्याच्या दगडामागून,
अळवाच्या वाफ्यावर लोखंडी पट्टीचा पूल.
गाडीला आम्ही गाडीच म्हणतो, नाव ठेवलं नाही.
शेडमधून रिटायर झालेला माणूस
सकाळी सातला डबा न घेता ड्यूटीवर जातो,
बारा पावलांवर.

पण ह्या वर्षी त्यांना ते कॅलेंडर आठवलं,
फोरमन बिरनाळेंच्या खुर्चीमागचं,
जानेवारीवरच थांबलेलं:
डोंगर पांढरा, आणि इंजिनाच्या तोंडाला
भलं मोठं पात्यांचं चाक,
बर्फ उधळतंय कड्यावरून खाली.
"सव्वीस वर्षं त्याच्याखाली सही केली," म्हणाले,
"आता ते फिरताना बघायचंय."

मोटर आली भंगारातल्या गाडीच्या वायपरची,
गिअर हातगिरमिटाचे.
पितळेसाठी माझ्या आईच्या स्टोव्हची टाकी कापली,
मला न विचारता.
दोन दिवस मी बोलले नाही.
त्यांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

पाती मात्र जमेनात.
सपाट ठेवली की चाक नुसतं ढकलतं, गिळत नाही.
जास्त मुरडली की गिळतं, आणि घशात अडकतं.
चौथ्या खेपेला ते पितळ पुढ्यात घेऊन बसले,
भूक नसताना वाढलेल्या ताटाकडे बघावं तसे.

एकतीस वर्षं मी आयटीआयला शिवण शिकवलं.
कळीचा परकर म्हणजे काय असतं?
वर अरुंद, खाली रुंद, धागा तिरपा;
घेर आपोआप फिरतो.
जुन्या पेपरावर खडूने आखल्या
आठ कळ्या, प्रत्येकीला उरेबी मुरड,
कात्री चालवली.
ह्यांनी पेपर उजेडात धरला,
मग पितळावर ठेवून सुईने रेघ मारली.
आभार वगैरे काही नाही.
"शिवणीला किती सोडलंस?" एवढंच.

आठही पाती पोतदारांच्या काट्यावर तोलली,
कारण एक जरी जड असलं तर चाक थरथरतं
आणि गाडी अळवात.
पोतदार म्हणाले, लग्न कुणाचं आहे?

पहिली चाचणी थर्माकोलच्या भुग्यावर.
तो उडाला आणि सगळ्यांना चिकटला,
मांजरासकट.
दुसरी कारखान्याच्या हंगामात,
चिमणीतून जळक्या चोयट्यांची काजळी पडते तेव्हा,
हलकी, काळी, रात्रीत रूळ बुजवणारी.
चाकाने पोटभर खाल्लं, डावीकडे थुंकलं.
डावीकडे माझी दोरी होती, दोरीवर चादरी.
आता त्याचं नळकांडं उजवीकडेही वळतं.
ही सुधारणा माझ्यामुळे.

मग मे महिना. रूळ हाताला चटका देणारे.
गोळेवाला इलाही मुजावर हातगाडी घेऊन
थेट परसात आला, गोणपाटात लादी,
आणि खिसत राहिला, खिसत राहिला,
दगडापासून पुलापर्यंत
चार बोटं पांढरं.
"सरबत कुठलं टाकू?"
"टाकू नको," आम्ही दोघं एकदम.

हे चाक स्वतः पुढे जात नाही,
हे मला तेव्हा कळलं.
ते फक्त फिरतं. मागून इंजिन ढकलतं.
ह्यांनी इंजिनाचं बटण माझ्या हातात दिलं,
चाकाचं स्वतःकडे ठेवलं.
"हळू. अजून हळू. खाऊ दे त्याला."

आणि उडाला.
कमरेइतका पांढरा पंखा, उन्हात,
इलाहीच्या टोपीवर, कढीपत्त्यावर,
माझ्या चष्म्यावर.

सहा मिनिटं होती आमच्याकडे.
पुलापाशी पोचेस्तोवर पुढचं सगळं पाणी झालं होतं,
चाक थोडा वेळ कोरडंच फिरलं.

ह्यांनी वहीत लिहिलं:
मार्ग मोकळा. सोळा चाळीस.
खाली सही.
मग वही माझ्याकडे सरकवली, पेनासकट,
आणि मी चष्मा पुसेपर्यंत
थांबले.